गुरुलिंगनं गाडा का फोडला

गुरुलिंग गेला हे सांगायला गावाकडून नामदेव आला, तेव्हा मी परभणीच्या घरी गालाला साबण लावून बसलो होतो. नामदेव आमच्या वस्तीवरचाच, माझ्या चुलतभावाचा नातू. ‘गुरुआप्पा पहाटे गेले,’ एवढंच म्हणाला आणि भिंतीला टेकून बसला. गुरू माझ्याच वयाचा, पावसाळ्यापासून अंथरुणाला खिळलेला, म्हणजे बातमी काही अनपेक्षित नव्हती. तरी रडू यायचं ते आलंच. पण नामदेव तेवढ्यावर थांबला नाही. सुनेनं दिलेला चहा बशीत ओतत तो म्हणाला, ‘आजोबा, गावानं अजून एक ठरवलंय. आप्पानं मरीआईचा गाडा जिथं जाळला, तिथं ओटा बांधायचा. वर मरीआई बसवायची आन खाली आप्पाचं नाव घालायचं, आईचे परमभक्त म्हून.’ माझं रडू तिथंच आटलं. माणूस अजून मातीत गेला नव्हता आणि यांनी त्याच्या नावाचा ओटा ठरवला होता, तोही असल्या नावाचा. मी वस्तरा खाली ठेवला. उरलेली दाढी मुलानं करून दिली.

स्मृतिलेखाची एक रीत असते. गेलेल्याचे गुण सांगायचे, त्याच्या चुका पोटात घालायच्या, शेवटी डोळे पुसायचे. वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी लेख मागायला आलेल्या पोराला मी तेव्हाच सांगितलं, की बाबा रे, माझ्याच्यानं हळुवार काही लिहून होणार नाही. गुरूला जाऊन आता काही आठवडे झाले, तरी राग उतरलेला नाही. तो परमभक्त बिरमभक्त कुणी नव्हता. त्यानं गाडा का फोडला हे पाहिलेला, आज जिवंत असलेला बहुधा मी एकटाच उरलोय, आणि माझं कुणी ऐकत नाही. माणूस कारण ऐकून मानतो, की आधी जीव लागतो नाहीतर भीती वाटते आणि मग मानतो, यावर आम्ही दोघं आयुष्यभर भांडलो. तो म्हणायचा, नीट समजावून सांगितलं की माणसाला पटतं, फक्त वेळ लागतो. मी म्हणायचो, तू शंभर वर्षं सांगत बस. त्या भांडणाचं मूळ त्या गाड्यात आहे, म्हणून तिथून सुरुवात करतो.

आमचं गाव पिंगळी स्टेशनापासून बैलगाडीच्या वाटेवर. अलीकडे गाव, मधे ओढा, पलीकडे आमची धनगरांची वस्ती. गुरुलिंग हा शिवलिंगाप्पा वाण्याचा थोरला मुलगा. घर लिंगायतांचं, पाळणूक कडक. ज्या घरात मटण शिजतं त्या घरचं पाणीही त्यांना चालत नसे. गुरू आमच्याकडे यायचा, मेंढरं मोजायचा, माझ्या मायच्या हातच्या भाकरीचा वास घेत बसायचा, पण तहान लागली की ओढा ओलांडून घरी जायचा आणि पाणी पिऊन परत यायचा. माय कधी पाणी विचारायची नाही आणि त्याला कधी मागावंसं वाटायचं नाही. सगळ्यांना हे हवापाण्याइतकं साधं वाटत होतं. मला मात्र ते लागायचं, पण बोलणार कुणाला? माझा बाप मी लहान असतानाच गेला होता. घरात माय, मी आणि धाकटी बहीण ठकी. ठकी गुरूला ‘वाणीदादा’ म्हणायची आणि त्याच्या दुकानातल्या गुळावर स्वतःचा हक्क समजायची. तोही खिशात गुळाचा खडा घेतल्याशिवाय कधी ओढा ओलांडत नसे.

निजामाचं राज्य. शाळेला तेव्हा मदरसाच म्हणत आणि शिकवणं सगळं उर्दूत. धनगराच्या पोराला तिथं बसवायला गुरूनंच आपल्या बापाशी भांडण केलं होतं. आरोग्याच्या धड्यात होतं, की पटकीचा, म्हणजे कॉलऱ्याचा, रोग पाण्यातल्या किड्यांनी होतो, ते डोळ्याला दिसत नाहीत, पाणी उकळलं की मरतात. मास्तरांच्या छडीपायी तो धडा मी घडाघडा म्हणून दाखवायचो. माझं पाठांतर गुरूपेक्षा चांगलं होतं. पण मला तो पाठ होता आणि गुरूला तो पटला होता. शाळा सुटून आम्ही मिसरूड फुटलेले जवान झालो, मी मेंढरांमागे आणि तो दुकानात, तरी हा गडी मीठमिरची बांधताबांधता गिऱ्हाइकांना किड्यांबद्दल सांगायचा. गिऱ्हाइकं हसायची. ‘वाण्याचं पोरगं लय शिकलंय,’ म्हणायची आणि पुडी घेऊन जायची.

मग एका पावसाळ्यात खरंच पटकी आली. गावात पहिली माणसं दगावली तसा तालुक्याहून सरकारी माणूस आला आणि त्यानं गावविहिरीत लाल दवा टाकली. पाणी गुलाबी झालं. झालं, गावाला तेवढं पुरे होतं. ही दवा नव्हे, बाटवायचा डाव आहे, अशी आवई उठली आणि दुपारपर्यंत अख्ख्या गावानं विहीर सोडली. घागरी ओढ्यावर जायला लागल्या. एकच धड पाणी होतं, तेच टाकलं. गुरू विहिरीच्या कठड्यावर चढून ओरडत होता, ‘अहो, किडं मरावं म्हून टाकलीय ती. रंग जातो दोन दिसांत. वढ्याचं पानी पिऊ नका.’ कुणीतरी खालून विचारलं, ‘तुला कोन सांगितलं?’ तो म्हणाला, ‘पुस्तकात हाय.’ ‘कोन्त्या पुस्तकात? उर्दूच्याच ना?’ आणि सगळे हसले. मढी उठत होती त्या गावात, आणि लोक हसले. त्या हसण्याचा आवाज अजून माझ्या कानात आहे आणि अजून मला त्याची चीड येते.

त्याहून मोठी चीड मला शिवलिंगाप्पांची येते. ते स्वतः उजाडायच्या आत गड्याकरवी त्याच विहिरीचं पाणी भरून घेत. दिवसभर मात्र दुकानात बसून, हो बाबा, सरकारचा काही नेम नाही, असं म्हणत माना डोलवत. गुरूनं माझ्यादेखत त्यांना विचारलं, ‘अण्णा, तुमी तर विहिरीचंच पिता. मग लोकायला का सांगत न्हाई?’ त्यांनी तराजू पुसत शांतपणे उत्तर दिलं, ‘मला कळतं रे. पर दुकान गावात हाय, पुस्तकात न्हाई.’ ज्याला कळत नाही त्याच्यावर मी फार रागवत नाही. पण कळूनही गप्प बसणाऱ्याचं काय करायचं? गुरूला वाटत होतं, माहिती पोचली की काम झालं. माहिती घरातच होती आणि गल्ल्यावर बसून तराजू पुसत होती.

ओढ्याचं पाणी पिऊन रोग वाढला, तसा गावानं मरीआईचा गाडा काढला. नव्या वाचकांना हे माहीत नसेल. कमरेइतका उंच लाकडी गाडा, बाभळीची चाकं, वर तेलपाणी केलेल्या फळ्यांचं छप्पर आणि त्यावर मेणकापड. आत शेंदूर फासलेली मूर्ती, हिरवं लुगडं, बांगड्या, दहीभात, लिंबं. हलगी वाजवत तो गाडा शिवेपर्यंत न्यायचा, पलीकडच्या गावाच्या हद्दीत लोटायचा आणि मागं न बघता परत यायचं. म्हणजे आई गेली, तिच्यामागं रोग गेला. पुढच्या गावानं तो आणखी पुढच्या शिवेत लोटायचा. आपला मृत्यू शेजाऱ्याच्या दारात नेऊन ठेवायची ही रीत, आणि वर तिला भक्ती म्हणायचं. त्या साली पुढच्या गावाची माणसं आधीच काठ्या घेऊन त्यांच्या शिवेवर उभी होती. मग आमच्या गावानं सोयीची वाट शोधली. गाडा ओढ्यापलीकडे आणला आणि आमच्या वस्तीवर सोडला. लोटणाऱ्या हातांत शिवलिंगाप्पांचेही हात होते. जाताना गावकरी बजावून गेले, आई शांत होईपर्यंत वस्तीवरच्या कुणी ओढा ओलांडायचा नाही. म्हणजे विहीर आम्हाला पुरती बंद. वरच्या अंगाला गावातल्या आजाऱ्यांची लुगडी-धोतरं धुतली जात होती आणि खालच्या अंगाला आम्ही घागरी भरत होतो.

ठकी सकाळी शेळ्यांना पाला टाकत होती. दुपारी तिला उलट्या सुरू झाल्या, संध्याकाळी तिचे डोळे खोल गेले आणि आवाज ओळखू येईना. दुसऱ्या दिवशी ती नव्हती... एवढंच लिहितो. याहून जास्त लिहायला बसलो की या वयातही मला उठून जावं लागतं.

गुरूला कुणीतरी ओढ्याच्या काठावरून ओरडून सांगितलं. भर दुपारी, सगळं गाव बघत असताना, तो गुडघाभर पाण्यातून आमच्याकडे आला. ठकीला आम्ही घोंगडीवर निजवलं होतं. तो तिच्यापाशी बसला. त्याच्या सदऱ्याच्या खिशात गुळाचा खडा होता, तो त्यानं काढला, हातात धरला आणि परत खिशात घातला. मग उठला आणि मला म्हणाला, ‘बिरा, कुऱ्हाड कुठंय?’ मी विचारलं, ‘कशाला?’ ‘पानी उकळायचंय. लाकूड पायजे.’ मी म्हणालो, ‘कुठलं लाकूड आणतोस? पंधरा दिस झड लागलीय. गवऱ्याबी भिजल्यात.’ त्यानं चहूकडे बघितलं. अख्ख्या वस्तीवर कोरडं लाकूड फक्त एका ठिकाणी होतं, मेणकापडाखाली. त्यानं गाड्यातली मूर्ती दोन्ही हातांनी नीट उचलली, लुगड्यासकट एका सपाट दगडावर ठेवली. आणि मग कुऱ्हाड घातली.

गुरू आयुष्यभर सांगत आला, की गाडा मी पूर्ण विचार करून फोडला. कोरडं लाकूड दुसरं नव्हतं, पाणी उकळणं भाग होतं, दोन्ही गोष्टी जोडल्या, बस. हिशेब बरोबरच आहे. पण मी तिथं होतो, मी त्याचा चेहरा पाहिला. विचार करणाऱ्या माणसाचा चेहरा तसा नसतो. धडा त्याला कित्येक वर्षं पाठ होता, पटलेलाही होता, तरी तो कठड्यावर उभा राहून नुसता बोलत होता. कुऱ्हाड त्याच्या हातात ठकीनं दिली. हे मी त्याला म्हटलं की तो चिडायचा. ‘तू माझ्या बुद्धीचा अपमान करायलास,’ म्हणायचा. मी म्हणायचो, ‘मी तुझ्या काळजाचा मान करतोय.’ पण मान त्याला नको होता, त्याला बरोबर असायचं होतं.

मोठ्या भगुन्यात पाणी खळखळून उकळलं, निवलं. प्यायला कुणी पुढं येईना. वस्तीतली सगळी माणसं लांब उभी. एक म्हातारा म्हणाला, ‘आईच्या लाकडावर तापलेलं पानी, तोंडाला लावलं तर आतडी जळतील.’ गुरूनं धडा सुरू केला. किडे, उष्णता, पोट... हात हलवून, घसा कोरडा पडेस्तोवर सांगितलं. मी लोकांच्या तोंडाकडे बघत होतो. तो जितकं समजावत होता तितकी ती माणसं मागं सरकत होती. माझी माय ठकीच्या घोंगडीजवळ बसली होती. तिनं मान वर केली आणि म्हणाली, ‘बापू, तू आमच्या घरचं साधं पानी पीत न्हाईस. आन आमी हे प्यावं म्हनतोस.’

मायच्या बोलण्यात टोमणा नव्हता, राग नव्हता, जे होतं ते तिनं सांगितलं. गुरूनं गळ्यातलं लिंग सदऱ्याच्या आत सारलं, आमच्या घरची लोटी उचलली, जिला आमची सगळ्यांची तोंडं लागलेली, ती भगुन्यात बुडवली आणि सगळ्यांसमोर अर्धी प्यायला. मायनं त्याच्या हातातून लोटी घेतली आणि उरलेलं प्याली. मग बायका पुढं आल्या, मग पोरं, शेवटी तो म्हातारा. गाड्याची लाकडं संपली तशी लोकांनी स्वतःहून आपापल्या छपरांचे आतले वासे उपसले आणि चुली पेटत्या ठेवल्या. सगळी वाचली असं नाही. पण वस्ती उरली. ओढ्यापलीकडे, जिथून आईला हाकललं होतं त्या गावात, रोग त्यानंतरही बरेच दिवस माणसं नेत राहिला.

गावानं काय मानलं ते ऐका. आधी म्हणाले, वाण्याचा पोरगा अमावस्या बघत नाही. अमावस्या आली आणि गेली, गुरू ठणठणीत. आता आली का पंचाईत. आई खोटी म्हणवेना आणि गुरू मरेना. मग हळूच गोष्ट वळली. त्याच्या अंगात आई आली होती म्हणे, तिनंच स्वतःचा गाडा त्याच्या हातून फोडून घेतला म्हणे, तिला धनगरवाड्याची दया आली म्हणे. एक सोपं कारण समोर वाफाळत असताना एवढी मेहनत कशासाठी? कारण ते सोपं कारण मानलं असतं, तर आपण माणसांच्या दारात मरण लोटून आलो हे मानावं लागलं असतं. इकडे बापानं गुरूला घराबाहेर काढला, पण गाडा फोडला म्हणून नव्हे. धनगराच्या लोटीतलं पाणी प्यायला म्हणून. त्याच महिन्यात तो परभणीला जिनिंगमध्ये मुनशी म्हणून लागला आणि काही वर्षं गावात फिरकला नाही.

तो परत आला ते निजामाचं राज्य गेलं त्या साली. पावसाळा सरत आला होता, पोलीस अ‍ॅक्शन होऊन गेली होती, आणि गुरू हवेत होता. मला म्हणाला, ‘बिरा, आता बघ. तवा धडा उर्दूत होता, दवा निजामाची होती, म्हून लोकायला भरवसा नव्हता. आता राज्य आपलं, भाषा आपली. आता सांगितलं की पटंल.’ त्याचा बाप तोवर वारला होता. गावानं हलगी लावून त्याचं स्वागत केलं, हार घातला. तो विहिरीच्या कठड्यावर चढला, त्याच कठड्यावर, आणि बोलणार तेवढ्यात पाटलांनी त्याच्या हातात एक पाण्यानं भरलेली लोटी दिली. त्याच्या गैरहजेरीत गावानं नवी रीत पाडली होती. दर साली हंडाभर पाणी उकळायचं, हळदकुंकू टाकायचं, आणि त्यातलं लोटीभर विहिरीत ओतायचं. ‘आप्पाचं पानी.’ ते पडलं की अख्खी विहीर शुद्ध, मग वर्षभर कुणाला काही उकळायची गरज नाही. गुरूनं ती लोटी कठड्यावर आपटली. ‘अरं, प्यायचं पानी उकळायचं, विहिरीत काय ओतता?’ तो ओरडला. म्हातारी माणसं एकमेकांकडे बघून समाधानानं म्हणाली, ‘बगा, आली अंगात.’

त्या दिवशी तो माझ्या घरी आला तेव्हा रागानं लाल झाला होता. माय तेव्हा थकलेली, डोळ्यांनी अधू. चुलीवर भगुनं होतं, कारण तिनं त्या पावसाळ्यापासून एक दिवसही न उकळता पाणी प्यायलं नव्हतं. गुरूला तेवढाच आधार वाटला. तिच्यापुढं बसून त्यानं विचारलं, ‘माय, तुला तरी पटलं ना? पानी उकळलं म्हून तू वाचलीस.’ माय म्हणाली, ‘न्हाई बापू. तू पिलास म्हून वाचले.’ ‘अगं, मी न पिता तू उकळून पिली असतीस, तरी वाचली असतीस.’ ‘पिलेच नसते की,’ माय म्हणाली. मी हसलो. गुरू हसला नाही. तिचा पुढचा पावसाळा काही आला नाही, पण शेवटच्या घोटापर्यंत ती उकळलेलं पाणी प्याली, आणि शेवटपर्यंत तिला किडे पटले नाहीत.

खरं सांगायचं तर मी तरी किडे कुठं पाहिलेत? मी गुरूच्या बाजूनं आहे तो ठकी गेली आणि माय राहिली म्हणून. पुढं मी शाळामास्तर झालो, पोरांना तोच धडा मराठीत शिकवला, आणि दर वर्षी शिकवताना मला पुस्तकातलं वाक्य नाही, त्याची ती अर्धी लोटी दिसायची. हे मी त्याला सांगितलं की आमचं भांडण नव्यानं पेटायचं. मी त्याला डिवचायचो, ‘रोज सकाळी लिंगाची पूजा करतोस, त्याला कुठलं कारण?’ तो म्हणायचा, ‘ते माझ्या आईनं बांधलंय.’ मी म्हणायचो, ‘मग झालं की.’ तेव्हा तो हमखास आपला शेवटचा पत्ता टाकायचा, गंगावहिनी. बाटलेला म्हणून त्याला मुलगी मिळत नव्हती, गंगावहिनींच्या वडिलांनी दिली. लग्नानंतर त्यानं वहिनींना पाटीवर किडे काढून सगळं समजावलं होतं. ‘तिला मी भीती घातली न्हाई, शपथ घातली न्हाई,’ तो अभिमानानं सांगायचा, ‘नुसतं कारण सांगितलं. तिला पटलं. आजपर्यंत माझ्या घरात कच्चं पानी कुनी पिलं न्हाई. एक मानूस पटतं तर समदी पटतील.’ खरं म्हणजे यावर मला उत्तर नकोच होतं. या एका वादात आपण हरावं अशी माझी आतून फार इच्छा होती.

जिनिंग सुटल्यावर तो गावातल्या घरीच जाऊन राहिला, आणि दर साली लोटीच्या दिवशी विहिरीवर जाऊन भांडत राहिला. लोक त्याचं भांडण प्रसादासारखं घ्यायचे. त्याला माती दिली त्यानंतर आठवड्याभरानं ओट्यासाठी बैठक बसली, तिला मी मुद्दाम गेलो. सरपंच तरुण आहे, शेतीची पदवी घेतलेला आहे, गोड बोलतो. मी ओटा नको म्हणालो तर मला म्हणतो, ‘काका, लोकांची भावना हाय. भावना दुखवून कसं चालंल?’ भावना... गाडा लोटताना ठकीच्या मायला भावना नव्हती का? विहिरीवर ओरडून ज्याचा घसा फाटला त्याला नव्हती? मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं, इथं लिहिलंय तसंच, ठकीपासून लोटीपर्यंत. एकही गोष्ट सोडली नाही. बायका पदरानं डोळे पुसत होत्या. मला वाटलं, पोचलं. अखेर पोचलं. तेवढ्यात मागून एक बाई म्हणाली, ‘माय गं... आईनं मानूस बी कसा निवडला बगा.’ आणि सगळ्यांनी हात जोडले. ओट्याची वर्गणी तिथंच गोळा झाली.

मी तिथून तडक गुरूच्या घरी गेलो. गंगावहिनी स्वयंपाकघरात पाटावर बसल्या होत्या, शेगडीवर पातेलं ठेवलेलं. मी म्हणालो, ‘वहिनी, आता तुम्हीच सांगा त्यांना. तुम्हाला त्यानं सगळं समजावलं होतं. तुमचं ऐकतील.’ त्यांनी विचारलं, ‘काय समजावलं होतं, भाऊजी?’ ‘किडे, पाणी... पाटीवर काढून.’ त्या किंचित हसल्या. ‘ते सांगायचे, मी मान हलवायचे. मला काई पटलं न्हवतं त्यातलं. दिसत न्हाई ते हाय म्हनायचं, तर मग देवबी तसाच की. पर पानी कच्चं ठिवलं की ते जेवायचे न्हाईत, ताटावरून उठायचे. म्हून मी उकळायचे.’ मी विचारलं, ‘मग त्याला कधी सांगितलं नाहीत?’ त्या म्हणाल्या, ‘कशाला सांगू? तेवढं एकच तर त्यांच्या मनासारखं झालतं.’

मला त्यांच्यावर रागवायचं होतं, जमलं नाही. राग आला तो गुरूवर. सगळा जन्म भांडलास आणि हे कळायच्या आत निघून गेलास. वाद मी जिंकलो होतो आणि हे त्याला सांगता येत नव्हतं. सांगता आलं असतं, तरी मी सांगितलं नसतं. म्हणजे मीही त्याच्याशी तेच केलं असतं, जे वहिनींनी केलं... पातेल्यातलं पाणी खळखळायला लागलं होतं. घरात आता त्या एकट्याच. मी विचारलं, ‘मग आता कशाला उकळताय, वहिनी?’

‘आता रागवायला कुनी न्हाई ना,’ त्या म्हणाल्या, ‘म्हून तर.’ आणि शेगडी बारीक करून त्यांनी पातेल्यावर झाकण ठेवलं.